पट्टा किती ताणायचा

लछूभाईंनी रेक्झिनचा गोल तुकडा दोन बोटांत धरून डोळ्यांसमोर फिरवला आणि हसत विचारलं, "बेटा, ये गोल है के अंडा?"

मनालीनं तुकडा हातात घेतला. अंडं नव्हतं, पण धड गोलही नव्हता. डावीकडे आणि उजवीकडे, जिथे रेघ वळून परत फिरते तिथे, बारीक दात पडला होता. जीन्सच्या कमरेवर मागच्या बाजूला शिवायचा बिल्ला तो. लांबून कुणाला दिसलाही नसता. पण लछूभाईंचा सगळा धंदाच या बिल्ल्यांवर होता, आणि मनालीचंही असं होतं की एकदा दिसलेली चूक तिला न दिसल्यासारखी करता येत नसे.

"थोडा वेळ द्या अंकल. बघते," ती म्हणाली.

उल्हासनगरच्या कॅम्प चारमध्ये, एका बाजूला चेन-बटणवाला आणि दुसऱ्या बाजूला एम्ब्रॉयडरीवाला, अशा दोघांच्या मध्ये मनालीचा गाळा होता. गाळ्यात एकच मोठं यंत्र, पलंगाएवढं, वर काचेचं झाकण. आत एका आडव्या दांडीवर लेझरचं डोकं डावीकडे-उजवीकडे पळायचं आणि ती दांडी डोक्यासकट पुढे-मागे सरकायची. हे सगळं पळवायचे रबरी दातांचे तीन बेल्ट. एक डोक्याचा आणि दांडीच्या दोन टोकांना दोन. प्रत्येक बेल्टच्या शेवटाला एक स्क्रू. तो आवळला की बेल्ट ताणतो, सोडला की ढिला पडतो. बेल्ट ढिला असेल तर डोकं वळणावर अडखळतं आणि गोल बिघडतो. फार ताणला तर बेअरिंग ओरडायला लागतं, मोटर तापते, बेल्टचे दात झिजतात. हे सगळं मनालीला कुणी आयतं शिकवलं नव्हतं. आधी ती एका ट्रॉफीवाल्याकडे कॉम्प्युटरवर नावं आणि नक्षी बनवायची. तिथलं यंत्र दुरुस्त करायला जो मेकॅनिक यायचा, त्याच्या मागे उभं राहून, त्याला प्रश्न विचारून विचारून वैताग आणून ती शिकली होती. मग स्वतःचं यंत्र घेतलं.

त्या दिवशी तिनं झाकण उघडून डोक्याचा बेल्ट अंगठ्यानं दाबून पाहिला आणि तिच्या कपाळावर आठी आली. बेल्ट ढिला नव्हताच. उलट तारेसारखा ताठ होता. मागच्या आठवड्यात तिनं स्वतः तो नीट बसवला होता, तेव्हा असा नव्हता.

तिला कळायला वेळ लागला नाही. यंत्राला हात लावणारं दुसरं माणूस एकच होतं.

शंकरराव, तिचे वडील, अंबरनाथच्या एमआयडीसीतल्या एका कंपनीत जन्मभर फिटर होते. रिटायर झाल्यावर ते आणि मनालीची आई कौसाबाई पालेगावच्या नव्या बिल्डिंगमध्ये राहायला आले. मनाली नवऱ्यासोबत बदलापूरला, सोनिवलीत. सकाळी मुलीला शाळेत सोडून, स्कूटरवरून येईपर्यंत तिला उशीर व्हायचा. म्हणून शंकरराव रिक्षानं येऊन गाळा उघडायचे, झाडून घ्यायचे, उदबत्ती लावायचे. त्यासाठी त्यांच्याकडे किल्ली होती. त्याबद्दल मनालीला त्यांचे उपकारच वाटायचे. पण उदबत्ती लावून झाल्यावर मनाली येईपर्यंतचा जो मधला वेळ होता, त्या वेळात त्यांचे हात शिवशिवायचे.

"बाबा, बेल्ट आवळलात का?" तिनं विचारलं.

शंकरराव दाराशी स्टुलावर बसून पेपर वाचत होते. "जरासा. ढिला होता."

"ढिला नव्हता. मी बसवलाय तो."

"अगं, हाताला कळतं. आम्ही काय कमी पट्टे ताणलेत? एवढाले पट्टे, माणूस बसेल असे. पट्टा कसा पाहिजे, टणक पाहिजे. वाजवला की वाजला पाहिजे."

"ते पट्टे वेगळे, हे वेगळे. याला एवढा ताण चालत नाही. परत हात लावू नका."

"बरं बाई," म्हणून त्यांनी पेपरचं पान उलटलं.

तिनं स्क्रू सोडला, बेल्ट हवा तेवढा ठेवला आणि पर्समधली लाल नेलपॉलिशची बाटली काढून तिन्ही बेल्टच्या स्क्रू आणि नट यांच्यावरून एकेक आडवी रेघ ओढली. स्क्रू कुणी फिरवला तर रेघ तुटणार. शंकरराव चष्म्यावरून बघत होते.

गोल मात्र सुधारला नाही. दात होता तिथेच राहिला. ती वेग कमी करून कशीबशी कामं काढत राहिली. रोज यायचं, यंत्र चालू करायचं, दिवसाच्या गर्दीत रेघ बघायची राहून जायची. बाबा "बरं" म्हणाले होते ना.

मग तो शुक्रवार आला.

लछूभाईंना माल त्याच दिवशी हवा होता, म्हणून ते स्वतः येऊन बसले होते. दाराशी शंकरराव आणि लछूभाई चहा पीत होते, शेजारचा एम्ब्रॉयडरीवालाही येऊन टेकला होता. आत रेक्झिनचा ताव पसरून मनालीनं यंत्र चालू केलं होतं आणि ती पुढची फाइल लावत होती. तेवढ्यात आतून फट्‌ असा आवाज आला.

डोक्याचा बेल्ट तुटला होता. दांडी पुढे-मागे सरकत होती, पण डोकं मात्र मेल्यासारखं एका जागी थांबलं होतं. किरण चालूच. तो त्याच त्या रेघेवरून फिरत राहिला आणि खालचं रेक्झिन पेटलं. धूर उडवायला जी हवेची नळी असते तिनंच जाळाला वारा घातला. मनाली धावली, लाल बटणावर हात मारला, झाकण उघडलं आणि दाराजवळचं ओलं गोणपाट आत टाकलं. काळा, घशात बसणारा धूर गाळाभर झाला. बाहेर माणसं जमली. जाळ विझला तेव्हा तिच्या मनगटावर भाजल्याची लाल पट्टी उठली होती, भिंग तडकलं होतं, आणि लछूभाईंचा अख्खा ताव कोळसा होऊन खालच्या जाळीला चिकटला होता.

ती खोकत उभी होती. तेव्हा शंकरराव स्टुलावरून उठले आणि जमलेल्या माणसांकडे बघून म्हणाले,

"मी सांगतच होतो. हिला काय, कॉम्प्युटरवर चित्रं काढता येतात. मशीन सांभाळणं हे वेगळं काम आहे. पोरीचं काम नाही ते. आमचा विनीत इथं असता तर ही वेळ आली नसती."

मनालीनं आधी काही ऐकलंच नाही असं वाटलं. तिनं खाली वाकून स्क्रूकडे पाहिलं. नेलपॉलिशची रेघ तुटली होती. नटावरचा तुकडा एकीकडे, स्क्रूवरचा पार दुसरीकडे. दांडीच्या दोन्ही टोकांचे स्क्रू तिनं पाहिले. तेही फिरवलेले, आणि दोन्हीकडे वेगवेगळे.

"बाबा," ती सावकाश म्हणाली, "तुम्ही परत आवळलात?"

"रोजच बघतो की. ढिला पडतो म्हणून तर तुझा गोल बिघडतो."

"रोज?"

"मग! तू उशिरा येतेस. कुणीतरी बघायला नको?"

मनालीच्या कानात गरम शिसं ओतल्यासारखं झालं. तिनं हात पुढे केला. तो काजळीनं काळा झाला होता, मनगटावर भाजलेला.

"किल्ली द्या."

"काय?"

"गाळ्याची किल्ली. द्या इकडे आणि घरी जा."

"मने, लोक उभे आहेत."

"लोक उभे होते तेव्हाच बोललात ना? पोरीचं काम नाही म्हणून? आता लोकांनी हेपण ऐकू दे. बेल्ट मी नाही तोडला, तुम्ही तोडला. चोरून. मी सांगितलं होतं हात लावू नका, तुम्ही बरं म्हणालात, आणि रोज माझ्या पाठीमागे येऊन आवळत बसलात. मी आत्ता आत वाकलेली असते तर माझं तोंड जळालं असतं!"

"अरे बेटा, बुजुर्ग हैं," लछूभाई मध्ये पडले. "जाने दे. गुस्सा थूक दे."

"अंकल, तुम्ही बोलू नका. हे आमचं आहे."

शंकररावांचा चेहरा पांढरा पडला होता. त्यांनी खिशातून किल्ली काढली, तिच्या हातात न देता काउंटरवर टाकली आणि गर्दीतून वाट काढत निघून गेले. वहाणा घालताना त्यांचा एक पाय चुकला. मनालीनं ते पाहिलं आणि तरी हाक मारली नाही.

लछूभाईंनी उरलेले रेक्झिनचे रोल उचलले. "माल तो मेरे को देना पडेगा ना बेटा," ते खालच्या आवाजात म्हणाले. "दुसरीकडून करून घेतो. और काका भी बोल रहे हैं के मशीन तेरे से नहीं संभलता..." वाक्य अर्धं ठेवून ते गेले. ते अर्धं वाक्य आगीपेक्षा जास्त भाजलं.

संध्याकाळी आईचा फोन आला. "काय बोललीस गं त्यांना? आल्यापासून भिंतीकडे तोंड करून पडलेत. जेवले नाहीत."

"ते काय बोलले ते विचारलंस?"

"वय झालं त्यांचं. तू समजून घ्यायचंस."

"मी आगीतून वाचले आई. हात भाजलाय माझा. ते विचार ना आधी."

कौसाबाई "हळद लाव," म्हणाल्या आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी पुण्याहून विनीतचा फोन. तो तिचा धाकटा भाऊ, बँकेत होता. "ताई, बाबांना जरा सांभाळून घे ना. त्यांना दुसरं काय आहे? तुझ्या मशीनपाशी त्यांचा वेळ जातो. विरंगुळा आहे तो त्यांचा."

"विरंगुळा?" मनाली ओरडलीच. शेजारच्या चेन-बटणवाल्यानं मान वळवून पाहिलं. "विन्या, हे माझं पोट आहे. तुझ्या बँकेत येऊन ते तुझ्या कॉम्प्युटरच्या वायरी उपटतात का विरंगुळा म्हणून?"

"तू उगाच मोठं करतेयस..."

तिनं फोन कापला. आणि कापल्यावर तिला जे आठवलं, त्यानं राग आणखीच पेटला. लहानपणी घरातला पंखा बिघडला की बाबा तो खाली उतरवून चादरीवर उघडायचे. बॅटरी धरायला विनीत. विनीत जांभया द्यायचा, त्याचं लक्ष खेळाकडे. मनाली दारात उभी राहून बघायची, आतली तांब्याची गुंडाळी, छोटे छर्रे, ग्रीसचा वास. "बाबा, मी धरू का?" विचारलं की उत्तर ठरलेलं: "तू चहा टाक." कित्येक वेळा तिनं चहा टाकला होता. आणि आता, तिचं स्वतःचं यंत्र, तिच्या स्वतःच्या गाळ्यात, तिथेही तिला दारातच उभं करायचं होतं त्यांना.

रागात माणूस काम बरं करतो असं नाही, पण ती कामाला लागली. जाळीवरचा कोळसा खरवडून काढला. भिंग बदललं. नवे बेल्ट आणले. डोक्याच्या पुलीचं बेअरिंग हातात घेऊन फिरवलं तर ते खरखरत होतं, तेही बदललं. एका टोकाचा बेल्ट बसवला, अंगठ्यानं दाबून त्याची लवचिकता बघितली, मग दुसऱ्या टोकाला जाऊन तेवढाच ताण दिला. परत पहिल्याकडे. दोन्ही बाजू सारख्या नसतील तर दांडी तिरकी ओढली जाते आणि चौकोनाचा पतंग होतो. ती एकेका बाजूचा स्क्रू थोडा थोडा फिरवत, दांडी हातानं ढकलून बघत होती. मनात एकच चालू होतं. बघा बाबा, असं असतं. हाताला कळतं म्हणे. कुणाच्या हाताला?

मग तिनं एमडीएफच्या, लाकडी भुशाच्या पातळ फळीच्या, तुकड्यावर एक चौकोन कापला. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोन्ही तिरकी मापं सारखी आली. समाधान वाटलं. मग गोल कापला, उचलला, प्रकाशात धरला.

डावीकडे आणि उजवीकडे तोच बारीक दात.

नवा बेल्ट, नवं बेअरिंग, बरोबर ताण, आणि गोल तस्साच. म्हणजे बेल्टचा दोष नव्हताच. बाबांनी आवळायच्या आधीही नव्हता.

तिनं यंत्र बंद केलं. एका हातानं मोटरचा दांडा गच्च धरला आणि दुसऱ्या हातानं डोकं हलवून पाहिलं. डोकं किंचित हललं. दांडा हलला नाही, बेल्टही घसरला नाही. मोटरच्या दांड्यावर बसवलेली छोटी पुली मात्र जागच्या जागी जराशी फिरली. तिला पकडून ठेवणारा, तांदळाच्या दाण्याएवढा ग्रब स्क्रू सैल झाला होता. बस, तेवढंच. डोकं दिशा बदलायचं तेव्हा पुली आधी आपला सैलपणा भरून काढायची, मग बेल्ट ओढायची. त्याचाच दात.

ॲलन-की घालून तिनं तो स्क्रू आवळला. परत गोल कापला. बांगडीसारखा गोल आला.

तिला खरं तर आनंद व्हायला हवा होता. पण तिनं तो तुकडा काउंटरवर आपटला. म्हणजे त्यांचं निदान चूक होतं आणि तिचंही. इतके दिवस ती वेग कमी करून काम रेटत होती, बेल्टच्याच मागे लागली होती. पुली धरून बघायचं तिलाही सुचलं नव्हतं. तिला वाटलं, हे कळल्यावर आपला राग उतरेल. तो उतरला नाही. उलट आता तो स्वच्छ दिसायला लागला. राग बेल्टचा नव्हताच.

रविवारी ती एकटीच पालेगावला गेली. कौसाबाईंनी दार उघडलं, तिचं मनगट हातात घेऊन बघितलं आणि आत पाणी आणायला गेल्या. शंकरराव बाल्कनीत बसले होते. समोर नव्या टॉवरचं काम चालू होतं, तिकडे बघत.

"बाबा, एक सांगायला आलेय," मनाली उभ्यानंच म्हणाली. "गोल बिघडत होता तो बेल्टमुळे नाही. मोटरची पुली सैल होती. ते माझ्या लक्षात यायला हवं होतं, आलं नाही. ही माझी चूक."

शंकररावांनी मान वळवली. त्यांच्या डोळ्यांत काहीतरी चमकलं. "बघ! म्हणजे मशीनमध्ये दोष होताच."

"थांबा. माझं झालेलं नाही. बेल्ट तुटला तो तुम्ही आवळल्यामुळे. आग लागली ती त्यामुळे. आणि मी त्याच्यासाठीही आलेले नाही."

"मग कशासाठी आलीस? बापाला शिकवायला?"

"विनीतच्या बँकेत कधी गेलात? त्याच्या टेबलावरचे कागद त्याला न विचारता हलवलेत?"

"ते वेगळं."

"काय वेगळं?"

"बँक परक्याची. हे आपलं आहे."

"आपलं नाही," मनाली म्हणाली. "माझं आहे."

आत भांड्याचा आवाज झाला आणि थांबला. कौसाबाई ऐकत होत्या.

"तुला असं वाटतं काय," शंकररावांचा आवाज चढला, "की मी तुझं वाईट करायला येत होतो? सकाळी उठून, रिक्षाचे धक्के खाऊन? अगं, कंपनीत माझ्याशिवाय लाइन चालू होत नव्हती. साहेब घरी माणूस पाठवायचे. आता कुणी विचारत नाही. कुणाच्या कामाला यावं म्हटलं तर ही पोरगी हात लावू नका म्हणते. हे हात काय बांधून ठेवू?"

"त्याचं मला वाईट वाटतं. पण त्यावरचा उपाय माझं मशीन नाही." तिचा स्वतःचा आवाजही आता मोठा झाला होता. "तुम्हाला शिकवायचंच होतं तर मी दारात उभी होते बाबा. वर्षानुवर्षं. बॅटरी धरू का विचारत होते. तेव्हा मला चहा टाकायला पाठवलंत. आणि आता मी शिकले, तुमच्याशिवाय शिकले, तर ते तुम्हाला दिसतच नाही. चार लोकांत म्हणता, पोरीचं काम नाही!"

"रागात बोललो."

"रागात नव्हतात तुम्ही. आरामात चहा पीत होतात."

शंकररावांनी बाल्कनीचा गज धरला.

"लछूभाईंचं काम गेलं माझं," मनाली म्हणाली. "तुम्ही जे बोललात ते त्यांनी ऐकलं, एम्ब्रॉयडरीवाल्यानं ऐकलं, गल्लीनं ऐकलं. जे चार लोकांत बोललात ते चार लोकांत मागे घ्या. माझ्यापाशी येऊन नाही. तिथे, गाळ्यापाशी."

"बापाला अट घालतेस?"

"हो."

"निघ," शंकरराव म्हणाले.

ती निघाली. जिन्यात कौसाबाई मागून आल्या, तिच्या हातात डबा दिला. "मी त्यांच्या बाजूनं नाही," त्या कुजबुजल्या, "आणि तुझ्याही नाही. पण ती बॅटरीची गोष्ट मला आठवते. तेव्हा मी बोलायला पाहिजे होतं." मनाली डबा घेऊन खाली उतरली आणि स्कूटरला इतक्या जोरात किक मारली की पायाला झिणझिण्या आल्या.

नंतरचे दिवस तसेच गेले. सकाळी गाळा उशिरा उघडायचा. पहिलं गिऱ्हाईक कधी कधी कुलूप बघून निघून जायचं. झाडूही तिनंच मारायचा. उदबत्ती लावायला ती विसरायची, आणि विसरल्याचं दुपारी आठवायचं. घरी नवरा एकदा म्हणाला, "सोड ना आता, जाऊ दे," तेव्हा त्यालाही तिनं झाडून काढलं. सगळ्यांना वाटत होतं, तिनंच सोडून द्यावं. हट्ट धरून बसलेल्या बाबांना मात्र कुणी सोड म्हणत नव्हतं.

गोल आता सुरेख येत होते. बिल्ले, नावाच्या पाट्या, लग्नाच्या पत्रिकांच्या जाळ्या. ती लछूभाईंना दाखवायला एक नमुना घेऊनही गेली. त्यांनी तो बघितला, "अच्छा है," म्हणाले आणि "देखेंगे बेटा," म्हणाले. देखेंगेचा अर्थ ती ओळखून होती.

एका दुपारी लछूभाई स्वतः गाळ्यात आले. शेजारच्याकडे काही काम होतं म्हणून आले होते, जाता जाता डोकावले. मनाली त्यांच्याशी बोलत असताना बाहेर रिक्षा थांबली आणि शंकरराव उतरले. अंगावर इस्त्रीचा शर्ट, जसा ते कंपनीत युनियनच्या मीटिंगला घालायचे. ते गाळ्याच्या पायरीशी आले आणि पायरीखालीच थांबले. आत आले नाहीत.

मनालीचं बोलणं तुटलं. तिनं या म्हटलं नाही.

"लछूभाई, बरं झालं तुम्ही आहात," शंकरराव म्हणाले. मग एम्ब्रॉयडरीवाल्याकडे वळून त्यालाही हात केला, "इकडे ये रे जरा." तो सुई टोचायचं थांबवून आला. चेन-बटणवाला आपणहून आला.

शंकररावांनी घसा साफ केला. ते मनालीकडे बघत नव्हते. लछूभाईंच्या खांद्याच्या वर कुठेतरी बघत होते.

"त्या दिवशी आग लागली, तो पट्टा मी तोडला. हिनं मला नको म्हणून सांगितलं होतं. मी ऐकलं नाही, रोज आवळत गेलो. आणि वर हिलाच नावं ठेवली, पोरीचं काम नाही म्हणालो. ते चुकीचं बोललो." ते थांबले. मनालीला वाटलं झालं. पण त्यांना राहवलं नाही. "आता पुली सैल होती ती हिच्याही लक्षात आली नव्हती, ही गोष्ट वेगळी."

एम्ब्रॉयडरीवाला फिस्सकन हसला. लछूभाईंनी मिशीआड हसू दाबलं. मनालीच्या डोक्यात परत तिडीक गेली. एवढं बोलले होते, तिथेच थांबता आलं नसतं? पण खोटं तर नव्हतं ते. तिनंच त्यांना सांगितलं होतं.

"हो, नव्हती आली लक्षात," ती मोठ्यानं म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "नंतर मीच शोधली."

"हिनंच शोधली," शंकरराव म्हणाले. हे मात्र ते तिच्याकडे बघून म्हणाले.

लछूभाईंनी काउंटरवरचा एक बिल्ला उचलला, सवयीनं डोळ्यांसमोर फिरवला. "चल बेटा, दो रोल भेजता हूं. पहले देखूंगा, फिर बाकी." आणि जाता जाता शंकररावांच्या दंडावर थोपटून गेले. बाकीचे दोघे आपापल्या दुकानात शिरले.

शंकरराव पायरीखाली तसेच उभे होते. शर्टाच्या काखेत घाम आला होता. मनालीला दिसत होतं की ही दोन वाक्यं बोलणं त्यांना किती जड गेलंय. तिला हेही दिसत होतं की आपण लगेच विरघळावं, बाबा आत या म्हणावं, अशी त्यांची अपेक्षा आहे. इतक्या वर्षांचा राग दोन वाक्यांत संपत नाही. आणि संपल्याचं नाटक करायची तिची इच्छा नव्हती.

"उन्हात उभे राहू नका," ती म्हणाली. "स्टूल घ्या."

त्यांनी स्टूल घेतलं, पण पायरीवरच ठेवून बसले. ती आत जाऊन पाणी घेऊन आली. त्यांनी पिऊन ग्लास परत दिला.

"सकाळी उघडायला येऊ का उद्यापासून?" त्यांनी विचारलं.

मनालीनं ग्लास काउंटरवर ठेवला.

"उद्या नको," ती म्हणाली. "सोमवारी या. मी असेन तेव्हा. बेल्ट कसा बघायचा ते दाखवते, मग किल्लीचं बघू."

शंकररावांच्या कपाळावरची शीर उडाली. मग ते उठले, स्टूल आत भिंतीशी नेऊन ठेवलं आणि रिक्षा बघायला कोपऱ्याकडे चालायला लागले.